न सोडलेला दोरा

दोरा निळा होता आणि त्याची गाठ तिचीच होती. पिंपातल्या कोमट, काळ्या लगद्यातून दाताळ्याच्या टोकाला अडकून तो वर आला तेव्हा रेन्स्केला आधी वाटलं, कुणीतरी शिवणाच्या चिंध्या टाकल्यात. म्हणजे पुन्हा कुणीतरी अक्कल घरी ठेवून खाली आलं होतं. तिने शिवी द्यायला तोंड उघडलंसुद्धा. मग दोऱ्यामागून ती मांसाची गुंडाळी वर आली. करडी पडलेली, फुगलेली, एका अंगाने गांडुळांनी धरलेली, पण अख्खी. दोऱ्याचे वेढे जसेच्या तसे, शेवटी दुहेरी गाठ, आणि गाठीपुढे आखूड कापलेली दोन टोकं. खाटकाकडची पांढरी सुतळी संपली होती म्हणून मंगळवारी तिनेच शिवणाच्या डब्यातला निळा दोरा उकळत्या पाण्यातून काढून घेतला होता. आत खिमा, जायफळ, दुधात भिजवलेल्या पावाचा गर. बाबांच्या आवडीचं. बुधवारी सकाळी ते म्हणाले होते, "फक्कड झालं होतं गं, पोरी." फक्कड! दोरासुद्धा सोडला नव्हता त्यांनी.

"काय सापडलं?" शेजारच्या पिंपापाशी खत चाळत बसलेल्या योखेमने विचारलं. तळमजल्यावरचा योखेम, भूगोलाचा निवृत्त मास्तर, शनिवारी सकाळी ढवळायच्या वेळी हटकून हजर. "पुन्हा शिजवलेलं?"

"चिंधी आहे."

"दाखव बघू. फोटो काढून इमारतीच्या गटावर टाकतो."

"चिंधी म्हटलं ना! चिंधीचा कसला फोटो काढतोस?"

त्याने चाळण खाली ठेवून दोन्ही हात वर केले. "बरं बाई, बरं. सकाळी कुणाचं तोंड बघितलंस कोण जाणे."

कुणाचं म्हणजे? रोज जे बघते तेच. तिने त्याच्याकडे पाठ केली, गुंडाळी आपल्या बादलीत टाकली, वर मूठभर पाचोळा पसरला आणि पुन्हा दाताळं खुपसलं. आता तिला माहीत होतं काय शोधायचं ते. वरच्या थरात कालचे गाजर-बटाटे, काट्याने अगदी बारीक कुस्करलेले, ओळखू येऊ नयेत म्हणून कॉफीच्या चोथ्यात कालवलेले. त्याखाली पाचोळ्याचा नीट, एकसारखा थर. त्याखाली गुरुवारचा लाल कोबी, लवंगांसकट. मग पुन्हा पाचोळा. तिचाच आठवडा उलटा होऊन तिच्यासमोर येत होता, आणि प्रत्येक दिवसावर कुणीतरी हळुवारपणे पांघरूण घातलं होतं. ती उपसत होती आणि बादलीत भरत होती, आणि योखेमकडे पाठ करून हे सगळं चोरासारखं करावं लागतंय, तेही आपल्याच पिंपाशी, आपणच केलेल्या स्वयंपाकाची चोरी, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आपलं पिंप असं तिने म्हणावं याला कारण होतं. चार जिन्यांच्या या इमारतीत ओला कचरा वेगळा करायला माणसं तयार नव्हती, तेव्हा तिने दारोदार फिरून त्यांना तयार केलं होतं. सगळ्यांना झाकणाच्या छोट्या बादल्या वाटल्या, पिंपांना आकड्यांची कुलपं लावली, फळी रंगवून वर लिहिलं: कच्चं चालेल, शिजवलेलं चालणार नाही. खाली लहान अक्षरांत: मांस, मासे, चीज, पाव नाही. आणि त्याहूनही खाली, एका वर्षाच्या अनुभवानंतर, मोठ्या अक्षरांत: नाही म्हणजे नाही! उट्रेक्ट शहरात अशी पिंपं गल्लोगल्ली आहेत, पण तिच्या पिंपातलं खत नाकाशी धरलं तर रानातल्या मातीचा वास येतो, हे लोक कबूल करायचे. मग जानेवारीत उंदीर आले. एक दिसला, मग सायकलींच्या पडवीत दोन, मग योखेमने एकाचा फोटो काढला, तोंडात कसलासा पांढरा गोळा धरलेला. इमारतीच्या कार्यालयाने कळवलं की हे थांबलं नाही तर पिंपं उचलू. रेन्स्के पेटलीच. गटावर तिने असे निरोप लिहिले की बायका जिन्यात तिला बघून गप्प व्हायला लागल्या. कोण असेल, कोण असेल, याचा तिने असा छडा लावला की शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या इल्दावर येऊन थांबली. पोर्तुगालहून आलेली, फुलांच्या वखारीत काम करणारी, एकटी राहणारी. तिच्या घरातून रोज तळण्याचा वास यायचा, एवढाच पुरावा. तिला रेन्स्केने इथेच, याच पिंपाशी, चारचौघांत झापलं होतं. इल्दा म्हणाली होती, "मी मांस खातच नाही हो." तर रेन्स्के म्हणाली होती, "सगळे असंच म्हणतात." आणि कुलपाचे आकडे बदलले होते, आणि नवे आकडे इल्दा सोडून सगळ्यांना दिले होते. बाबांना तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून.

बाबांनी तो कागद पाकिटात घडी करून ठेवला होता. "आता बरं झालं, बंदोबस्त झाला," असंही म्हणाले होते! पहाटे उठायचे ते, सगळी इमारत झोपलेली असताना, हातात ती बादली घेऊन, सपाता घालून अंगणात यायचे. शेजारपाजारचे कौतुक करायचे. या वयात बघा, सत्त्याऐंशीव्या वर्षी, सालं टाकायला स्वतः खाली येतात. ती अभिमानाने हसायची. कसली सालं! तिच्या डोळ्यांत धूळ फेकून, तिच्याच कुलपाचे आकडे फिरवून, तिच्याच पाचोळ्याखाली ते तिचं जेवण पुरत होते. आणि तो लाल पत्र्याचा टोप. रोज संध्याकाळी दवाखान्यातल्या कामावरून सुटली की धावतपळत ती स्वयंपाक करायची, टोप टॉवेलात गुंडाळून अंगणापलीकडे राहणाऱ्या बाबांकडे न्यायची, आणि सकाळी टोप तिच्या दाराशी परत यायचा, घासून, पुसून, कोरडा, नवा असल्यासारखा. तिला वाटायचं, म्हाताऱ्याने शेवटचा घाससुद्धा निपटून खाल्ला. त्या चकचकीत टोपाकडे बघून तिने तीन वर्षं काढली होती. शुक्रवारचं गाण्याचं मंडळ सोडलं होतं. डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं, "वजन उतरतंय खरं, पण जेवण व्यवस्थित आहे, मी स्वतः बघते." त्या म्हणाल्या होत्या, जेवण घरचं मिळतंय आणि ते जेवतायत, तोवर राहू देत घरी. पण वजन आणखी उतरलं तर मात्र शुश्रूषागृहात हलवावं लागेल. सोमवारी पुन्हा वजन करायचं होतं.

"दमलीस का?" योखेमने मागून विचारलं. "दे इकडे दाताळं."

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "तू तुझं बघ."

बादली जड झाली होती. ती उचलून ती अंगणाच्या कडेला गेली, जिथे भिंतीवरून कालव्याचा वारा येतो, आणि तिथे नुसतीच उभी राहिली. हातमोज्यांना लवंगांचा वास येत होता आणि त्याखालून तो दुसरा, गोडसर, कुजका. हा वास तिला कुठूनतरी ओळखीचा होता. नुसता नाकाला नाही, पोटाला. आणि ती एकदम सात वर्षांची झाली. जिन्याच्या वळणावर सालांची बादली ठेवलेली असायची, सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक, आणि आठवड्यातून दोनदा सालीवाला घोडागाडी घेऊन यायचा, खालून घंटा वाजवायचा, आणि बटाट्याची सालं, कोबीची पानं गुरांसाठी घेऊन जायचा. त्याचा घोडा तिला आवडायचा. बादलीही आवडायची, कारण बादलीला झाकण होतं. टेबलावर मात्र सगळं उघड्यावर असायचं. ताटलीत ते छोटे, कडू, कोंबासारखे कोबी, गार झालेले, त्यांच्या पाण्यात तरंगणारी चरबी, आणि पलीकडे बाबा. ते ओरडायचे नाहीत. मारायचेही नाहीत. नुसते बसून राहायचे. ताटली स्वच्छ होईपर्यंत कुणी उठायचं नाही हा त्या घराचा कायदा होता, आणि कायद्यामागे उपासमारीचा हिवाळा उभा होता. महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी बाबा सात वर्षांचे होते, ट्यूलिपचे कांदे खाऊन जगले होते, आणि त्यानंतर त्या घरात कुणाला नाही म्हणायचा हक्कच उरला नव्हता. "मी तुझ्याएवढा होतो तेव्हा..." एवढं त्यांनी सुरू केलं की आई मोरीकडे तोंड करून भांडी घासायला लागायची. भांडी नसली तरी. बाकीच्या मुली उपाशी माणसांच्या गोष्टी पुस्तकात वाचत होत्या. हिच्या घरात ती उपाशी माणसं रोज संध्याकाळी जेवायला बसत होती, आणि त्यांच्यापुढे हिचं पोट भरलंय की नाही हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

एकदा तिने ते कोबी रुमालात घेतले, रुमाल खिशात घातला, आणि उठायची परवानगी मिळाल्यावर जिन्यात जाऊन सालांच्या बादलीत टाकले. वर सालं सारखी केली. वाटलं, सुटले. पण बाबा खाली जाताना बादली नेऊन ठेवायचे. त्यांनी झाकण उघडलं असणार, सवयीने, काही वाया तर जात नाही ना बघायला. ते वर आले. हातात कोबी होते. नळाखाली त्यांनी ते एकेक करून धुतले, पुसले, पुन्हा ताटलीत ठेवले आणि ताटली तिच्यासमोर ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. तिने खाल्ले. सालांच्या मातीची कचकच दातांत आली तरी खाल्ले. मग ओकली, आणि ते आईने पुसलं, आणि त्या रात्रीबद्दल त्या घरात पुन्हा कधी कुणी बोललं नाही. सासरी गेल्यावरसुद्धा तिने ताटात कधी काही टाकलं नाही. पोट दुखेपर्यंत खायची. नवरा हसायचा, "अगं, टाकलंस तर पोलीस येणार नाहीत." आता तोही गेला, आणि साठाव्या वर्षी ती अजूनही ताटली पावाने पुसून घेते. तो माणूस! त्या माणसाने! आणि आता तोच माणूस पहाटेच्या काळोखात तिचा स्वयंपाक सालांखाली दडवतो. तिला हसू यायला हवं होतं. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते पाणी आलं म्हणून आणखी राग आला.

जिन्यात इल्दा भेटली. वखारीतून परतत होती, हातात उरल्यासुरल्या ट्यूलिपांची जुडी, कागदात गुंडाळलेली. रेन्स्केला बघून ती भिंतीला टेकून उभी राहिली, वाट देण्यासाठी, आणि नजर खाली घातली. रेन्स्के दोन पायऱ्या वर गेली. मग थांबली. वळली. माफी मागायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भांडल्यासारखंच.

"ते तू नव्हतीस."

"काय?"

"पिंपात टाकणारी. तू नव्हतीस. माझे बाबा होते. हे बघ." तिने बादलीवरचा पाचोळा बाजूला सारला. "माझ्या हातचं आहे हे सगळं. रोजचं. तीन वर्षं रांधून घालतेय मी त्यांना आणि ते इथे आणून टाकतात, आणि मी तुला चारचौघांत... कुलपाचे नवे आकडे देते तुला. आज गटावर लिहीन, सगळ्यांना कळू दे. योखेमलाही कळू दे."

इल्दाने बादलीत बघितलं. नाक मुरडलं नाही. खूप वेळ बघत राहिली, जणू कुणाच्या घरात डोकावून बघावं तशी.

"सगळंच टाकतात?" तिने विचारलं.

"सगळंच! दोरासुद्धा सोडत नाहीत!"

"मग ते जेवतात काय?"

वाऱ्याने जिन्याचं खालचं दार आपटलं. हा प्रश्न रेन्स्केला पडला नव्हता. दोरा दिसल्यापासून तासभर झाला होता, तेवढ्यात तिचं त्या म्हाताऱ्याला खोटारडा म्हणून झालं होतं, कृतघ्न म्हणून झालं होतं, साठ वर्षांचा हिशेब मांडून झाला होता, आणि ते जेवतात काय हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. हे परकीला सुचावं! तिला इल्दाचाच राग आला. तिच्या त्या शांत चेहऱ्याचा, हातातल्या ट्यूलिपांचा.

"मला काय माहीत," ती म्हणाली आणि ताडताड वर गेली.

घरी आज दुपारसाठी कुस्करलेल्या बटाट्यात कालवलेली हिरवी भाजी आणि खिम्याचे गोळे तयार होते. तिने टोप तापवला. तापवतानाच तिने ठरवलं की काही बोलायचं नाही, फक्त बसायचं. समोर बसायचं. ते ताटली संपवतील तोवर हलायचं नाही. ही कल्पना तिला इतकी आवडली की क्षणभर तिला स्वतःचीच भीती वाटली. मग तिने टोप टॉवेलात गुंडाळला, दुसऱ्या हातात बादली घेतली आणि अंगण ओलांडलं. योखेम काहीतरी म्हणाला. तिने ऐकलं नाही.

बाबा खिडकीपाशी बसले होते. कोट घालून, घरातच. आता तिला दिसलं, तो कोट त्यांच्यावर कसा टांगल्यासारखा होता. "आज लवकर?" ते म्हणाले.

"हो. आज मीही बसणारे तुमच्यासोबत."

त्यांचा चेहरा उतरला. तिने तो उतरताना बघितला. "तुला कामं असतील," ते म्हणाले. "शनिवार आहे. ठेव तू. मी खाईन सावकाश."

"खा ना सावकाश. मला घाई नाहीये." तिने ताटली वाढली. नेहमीपेक्षा मोठा ढीग, वर दोन गोळे, वर रस्सा. बादली दाराशी ठेवली. काटा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी काटा खाली ठेवला आणि हात जोडून डोळे मिटले. प्रार्थना लांबत गेली. एवढी मोठी प्रार्थना त्यांनी आईच्या अंत्यविधीलासुद्धा केली नव्हती. ती वाट बघत राहिली. शेवटी त्यांना डोळे उघडावे लागले. त्यांनी काट्याच्या टोकावर पोपटाच्या घासाएवढी भाजी घेतली, तोंडात घातली आणि चावायला लागले. चावत राहिले. मग गिळताना त्यांची मान कोंबडीसारखी पुढे आली, चेहरा लाल झाला, मग जांभळा, टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली. खोकला आला तो कुठून तरी खूप खालून. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला, तो घास रुमालात घेतला, रुमालाची घडी केली आणि घडी खिशात घातली. हे सगळं इतकं सफाईने, इतकं सवयीने, की तिने आधी ते नीट बघितलंच नाही. मग बघितलं. आणि मग तिला हेही दिसलं की आपण खुर्चीवरून कधी उठलो कळलं नाही, आणि आता दाराच्या आणि त्यांच्या मधे कमरेवर हात ठेवून उभे आहोत.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"नाताळाच्या सुमारास. आधी पाव अडकायला लागला. मग मांस. आता बटाटासुद्धा."

"मग खाता काय तुम्ही?"

"दूध. दुधात भिजवलेला टोस्ट. कस्टर्ड उतरतं घशाखाली. ते मी आणतो कोपऱ्यावरून." ते जरा घाईने म्हणाले, "भूक नसतेच फारशी."

"आणि मला सांगायचं नाही?"

बाबांनी ताटलीकडे बघितलं. "तू रागावतेस," ते म्हणाले.

"मी रागावते!"

"आत्ताही रागावलीयेस. आणि तू एवढं करून आणतेस. दवाखान्यातून दमून येतेस. तुझी आई म्हणायची, तिच्या हातचं..." ते थांबले. "सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस. मग त्यांनी मला इथून हलवलं असतं."

"आता नाही का हलवणार? सोमवारी वजनकाट्यावर उभं राहिल्यावर काय सांगणार होतात? खिशात दगड भरणार होतात?"

त्यांनी कोटाच्या दोन्ही बाजू पुढे ओढून घेतल्या, आणि त्यावरून तिला कळलं की तसंच काहीतरी ठरलं होतं. कोट. जाड, आतून लोकरीचा, घरातसुद्धा घातलेला, सवय दिसावी म्हणून. तिला ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडली. ती म्हणाली, घशाला काय झालंय ते बघायला नको का? ती म्हणाली, टाकायचंच होतं तर बाकीच्या कचऱ्याच्या राखाडी पेटीत टाकायचं, कुणाला कळलं नसतं, उंदीर आले नसते, एका बिचाऱ्या बाईला मी सगळ्यांदेखत चोर ठरवलं नसतं. एवढी साधी गोष्ट. झाकण उघडायचं आणि टाकायचं.

"तिथलं जाळतात," बाबा म्हणाले.

"मग?"

"अन्न कसं जाळायचं गं?" ते खरोखरच गोंधळून विचारत होते. "दोनदा गेलो पेटीपाशी. झाकण उघडलं. हात होईना. पिंपात निदान गांडुळं खातात. कुणीतरी खातं. मी खोल पुरत होतो. उंदीर येतील असं नव्हतं वाटलं."

ती बसली. समोरच्या ताटलीतून वाफ निघायची थांबली होती, रश्शावर साय धरायला लागली होती. सोमवारी मी खरं सांगणार आहे, ती म्हणाली. घशाची तपासणी करायला सांगणार आहे. पातळ करून घालीन, गाळून घालीन, काय वाटेल ते करीन, पण कोट घालून काट्यावर उभं राहायचं नाही. आणि इथून तुम्हाला कोण हलवतं ते बघतेच मी. हे सगळं ती अशा आवाजात बोलत होती की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, बाई म्हाताऱ्याला घराबाहेर काढतेय. बाबा मान हलवत होते. मग त्यांनी बोटाने ताटली थोडी पुढे सरकवली.

"आता याचं काय करायचं?" ते म्हणाले.

पिंपात चालणार नाही. पेटीत जाळतात. तिने ताटली आपल्याकडे ओढली, त्यांच्यापुढचा काटा उचलला आणि खायला लागली. न्याहारी करून तीन तासही झाले नव्हते. पहिला गोळा गार होता, जायफळ जरा जास्तच पडलं होतं. चांगलं झालं होतं, ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिने दुसरा गोळा खाल्ला. भाजी खाल्ली. आवेशाने खात होती, कुणाची तरी जिरवत असल्यासारखी, आणि बाबा बघत होते, हात टेबलावर ठेवून, प्रत्येक घास तिच्या तोंडात जाईपर्यंत. तेच डोळे. तीच बसण्याची ढब, जरा पुढे झुकून. ताटलीच्या कडेला बटाट्याचं एक ढेकूळ उरलं, मुठीएवढं. काटा त्याच्यापाशी येऊन थांबला. पोटात जागा नव्हती. तिने वर बघितलं नाही. साठ वर्षांची बाई, दोन मुलं वाढवलेली, नवऱ्याला पोचवून आलेली, आणि मानेवर घाम आला होता. ती वाट बघत होती ते काय म्हणतात याची.

"पोट भरलं का तुझं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग राहू दे."

तिने काटा खाली ठेवला. त्याचा आवाज झाला. एवढंच होतं ते. तीन शब्द. जीभ झडली नाही, छप्पर कोसळलं नाही, उपाशी माणसांपैकी कुणी दाराशी आलं नाही.

"हे तेव्हा का नाही म्हणालात?" तिचा आवाज फाटला.

"केव्हा?"

ते खरंच विचारत होते. तिने त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं, कुठेतरी खोटेपणा असेल, ओशाळेपणा असेल, काहीच नव्हतं. गळ्याची लोंबणारी कातडी, ओठाच्या कोपऱ्याला लागलेली भाजी, आणि सरळ, कुतूहलाने तिच्याकडे बघणारे डोळे. कोबी, नळ, रुमाल, तो घोडा, मोरीशी उभी आई. हे सगळं इतकी वर्षं एकटी तीच वागवत होती. त्यांना ठाऊकच नव्हतं. काही नाही, असं ती म्हणणार होती. आई असंच म्हणाली असती आणि टेबल पुसायला लागली असती. बाबांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, उठायला, ताटली आत नेऊन ठेवायला.

"बसा," ती म्हणाली. "सांगते केव्हा ते. आणि माझं सांगून संपेपर्यंत उठायचं नाही."

बाबा खाली बसले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती सुरुवात करायची वाट बघू लागले.